लाकडी होडीच्या डेकची दुरुस्ती: कोणती हत्यारे घ्यावीत?

खाडीकाठ

रेवदंड्याच्या कुंडलिका खाडीत आमच्या घरची एक जुनी, मचव्याच्या घडणीची होडी आहे. लांबी साधारण २४ फूट. पुढच्या अर्ध्या भागावर सागाच्या फळ्यांचा डेक आहे आणि त्याखालचे आडवे बहाल आईनाचे आहेत. आता ती मासेमारीला जात नाही. घरच्या माणसांना खाडीत फिरवून आणण्यापुरतीच वापरली जाते. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून ठेवली होती. तरीही दसऱ्यानंतर झापे काढली तेव्हा डेकखालच्या कप्प्यात पाणी साचलेले आढळले. सांध्यांतले डांबर ठिकठिकाणी सुटले आहे, काही फळ्या टोकाशी मऊ लागतात, आणि दोरखंड बांधायच्या खुंट्याभोवतीचे लाकूड काळे पडले आहे.

होड्या बांधणारे जे मिस्त्री आमच्याकडे वर्षानुवर्षे येत असत, त्यांनी वयोमानामुळे काम थांबवले आहे. आता दारे-खिडक्या करणारा एक चांगला सुतार आणि मी, असे दोघे मिळून हे काम करणार आहोत. आमच्याजवळ करवत, रंधा, दोन पटाश्या आणि १८ व्होल्टचे बॅटरीवर चालणारे ड्रिल आहे. आणखी हत्यारांसाठी २५ हजारांपर्यंत खर्च करता येईल. दुकानदाराने बेल्ट सँडर (फिरत्या पट्ट्याने लाकूड घासणारे यंत्र), राउटर (लाकडात खाच पाडणारे यंत्र) आणि अँगल ग्राइंडर अशी यादी दिली आहे. ती योग्य आहे का, आणि नसल्यास काय घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

वाकस

दुकानदाराने दिलेली यादी नवा डेक घालणाऱ्यासाठी ठीक आहे. तुमच्यासमोरचे काम जुना डेक वाचवण्याचे आहे, आणि त्यात निम्म्याहून अधिक वेळ जुने डांबर, त्याखाली सांध्यात ठासलेला जुना कापूस, जुने खिळे आणि कुजलेले लाकूड शेजारच्या चांगल्या लाकडाला धक्का न लावता बाहेर काढण्यात जातो. त्यामुळे पैसे आधी काढण्याच्या हत्यारांवर घालावेत, बसवण्याच्या हत्यारांवर नंतर. आमच्या घरात तीन पिढ्या होड्यांचे सुतारकाम झाले आहे, त्यामुळे हे थोडे अधिकाराने लिहितो आहे, याबद्दल क्षमस्व.

सर्वांत आधी पाणी कुठून शिरते ते शोधावे लागेल, आणि त्याला लागणारे साहित्य जवळपास फुकट आहे. डेकचा एक लहान भाग घेऊन त्याभोवती शाडूचा बोटभर उंचीचा बांध घालावा, त्यात गोडे पाणी ओतावे आणि खालून विजेरी घेऊन बघत बसावे. खालच्या बाजूला आधी खडूची भुकटी लावून ठेवली तर ओल कुठे फुटली ते स्पष्ट दिसते. हे काम उताराच्या खालच्या टोकापासून वर वर करत जावे, कारण वरून सुरुवात केली तर पाणी बहालाच्या कडेने वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकते आणि आपण निर्दोष सांधा उकरत बसतो. बहुतेक जुन्या होड्यांत पाणी सांध्यांपेक्षा खुंटे, कड्या, झाकणाचे कोपरे आणि डोलकाठीचे भोक यांच्याभोवती अधिक शिरते. तुमच्या खुंट्याभोवतीचा काळेपणा तेच सांगतो आहे.

दुसरी तपासणी लाकडाची. एक बारीक, टोकदार आरी आणि एक लहान लाकडी मोगरी घ्यावी. मोगरीने ठोकत गेल्यावर चांगले लाकूड खणखणीत बोलते आणि कुजलेले भदभदते. जिथे आवाज बदलतो तिथे आरी टोचून पाहावी. ओलावा मोजण्याचे यंत्र घेण्याचा मोह होईल. मीठ मुरलेल्या लाकडातून वीज अधिक सहज वाहत असल्याने ते यंत्र खऱ्यापेक्षा जास्त ओल दाखवते, हे ध्यानात ठेवूनच त्याचा आकडा वाचावा.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. डेक समुद्राच्या पाण्याने सहसा कुजत नाही. तो कुजतो पावसाच्या पाण्याने. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारट पाणी मानवत नाही, मात्र फटीत अडकलेले गोडे पाणी तिला पुरेपूर मानवते. म्हणूनच शाकारणीची झापे एका जागी विरळ राहिली तर संपूर्ण हंगामाच्या वापरापेक्षा अधिक नुकसान त्या एका पावसाळ्यात होते.

आता हत्यारे. सांधे उकरण्यासाठी आकडी लागेल, आणि ती विकत न घेता लोहाराकडून करून घ्यावी. जुन्या कानशीचे शेपूट तापवून काटकोनात वाकवावे आणि वाकवलेला भाग सांध्याच्या रुंदीपेक्षा किंचित अरुंद होईल असा घासून घ्यावा. तळाची कड सरळ व धारदार हवी. दोन्ही बाजूंचे कोपरे मात्र मोडून टाकावेत, म्हणजे आकडी फळीच्या कडेत रुतणार नाही. ती आपल्याकडे ओढत चालवायची असते. डांबराचा सांधा पहाटे, हवेत गारवा असताना उकरावा, कारण तेव्हा डांबर ठिसूळ असते आणि तुकडे उडून येतात. दुपारी तेच डांबर हत्याराला चिकटून बसते.

कापूस ठोकायची छिनी आणि जड मोगरीही लोहार-सुताराकडूनच होईल. त्या छिनीला धार लावू नये. तिची कड दीड-दोन मिलिमीटर जाड आणि गुळगुळीत हवी, नाहीतर ती कापूस दाबण्याऐवजी कापते. दोन-तीन जाडींच्या छिन्या असाव्यात, कारण एकाच डेकवरचे सांधे सगळीकडे सारखे रुंद नसतात.

टीसाइडकर

वाकस यांचे म्हणणे बव्हंशी मान्य आहे. थोडी भर घालतो. मी ईशान्य इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्या छोट्या शिडाच्या बोटीच्या सागवानी डेकची दुरुस्ती मी स्वतः करतो. इथून जवळच, हार्टलपूलला, मुंबईत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका अजून तरंगते आहे. साग एवढा टिकतो. आधी हार खातात ते सांधे आणि खिळे, आणि हत्यारांची निवडही त्याच दोन गोष्टींभोवती करावी, असे मला वाटते.

इकडे सांधे उकरायला आकडीबरोबरच दोलायमान पाते असलेले विजेचे यंत्र सर्रास वापरले जाते. इथले लोक त्याला मल्टिटूल म्हणतात. त्याचे पाते फिरत नाही, काही अंशांत अतिवेगाने डावी-उजवीकडे हलते. जर्मनीतल्या फाइन कंपनीने १९६७ साली असे यंत्र हाडांवरचे प्लास्टर कापण्यासाठी काढले होते. कातडीला इजा न करता प्लास्टर कापणारे यंत्र बोटीच्या सुतारांना आवडावे यात नवल नाही. आता अनेक कंपन्यांची स्वस्त यंत्रे मिळतात आणि तुमच्या ड्रिलच्याच बॅटरीवर चालणारे मिळाले तर उत्तम. फळीचे टोक जिथे दुसऱ्या फळीला किंवा काठाच्या पट्टीला भिडते, तिथे करवत पोहोचत नाही आणि राउटर तर नाहीच नाही; तिथे हे यंत्र अतिशय उपयोगी पडते.

सांधे भरायला मी कापूस-डांबराऐवजी डेकसाठीचे एकघटकी पॉलियुरेथेन (सुकल्यावर रबरासारखी होणारी भरणी) वापरतो. सहा मिलिमीटर रुंदीचा स्वच्छ, कोरडा सांधा, तळाला न चिकटणारी पट्टी, ॲसिटोनने पुसलेल्या बाजू, प्रायमर आणि मग भरणी. तळाला पट्टी अशासाठी की भरणी फक्त दोन बाजूंना चिकटावी. तिन्हीकडे चिकटली तर फळ्या फुगताना-आकसताना ती ताणली न जाता फाटते. यासाठी चांगली, जाड दांड्याची भरणीची बंदूक घ्यावी. स्वस्त बंदुकीचा दांडा घट्ट भरणीपुढे घसरतो. आणि कृपा करून सिलिकॉन कुठेही लावू नये. ते नंतर पूर्ण निघत नाही आणि त्याच्या अंशावर दुसरे काहीच चिकटत नाही.

वाकस

टीसाइडकर, यंत्राबद्दल माझी हरकत एवढीच की ते सांध्याच्या सरळ लांबीवर वापरू नये. एका जागी क्षणभर थांबले की पाते तापते, डांबर वितळून बाजूच्या लाकडात मुरते, आणि हात थोडा कलला तर फळीची कड कायमची जाते. टोकांसाठी यंत्र आणि लांबीसाठी आकडी, अशी वाटणी केली तर माझी तक्रार नाही.

पॉलियुरेथेनबद्दल मात्र सावध करतो. ज्या सांध्यात अनेक वर्षे डांबर आणि तेल मुरले आहे, त्याच्या बाजू ॲसिटोनने कितीही पुसल्या तरी भरणी भरवशाने धरत नाही. ते वापरायचे असेल तर दोन्ही कडा ताज्या लाकडापर्यंत तासाव्या लागतील, म्हणजे सांधा रुंद होईल आणि फळी अरुंद. तुमच्या फळ्या किती जाड उरल्या आहेत त्यावर हे ठरेल. अर्धा डेक डांबराचा आणि अर्धा पॉलियुरेथेनचा करणे सर्वांत वाईट. प्रत्येक पद्धतीची हत्यारे वेगळी आणि पुढच्या वेळची दुरुस्तीही वेगळी होते. आधी पद्धत ठरवावी, मग खरेदी करावी.

तीन_फेज

सुतारकामातले मला कळत नाही, विजेचे कळते. किनाऱ्यावर, ओल्या वाळूत, होडीत बसून भिंतीतल्या प्लगवर चालणारे ग्राइंडर वापरणार असाल तर ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा गळती-रक्षक स्विच लावल्याशिवाय सुरुवातही करू नका. वायरीचा जोड होडीच्या तळात पडू देऊ नये; तो वर टांगून ठेवावा. शक्य असेल तिथे बॅटरीचीच यंत्रे घ्यावीत. होडीला पेट्रोलचे इंजिन असल्यास टाकी उतरवून दूर ठेवावी, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने डेकखालच्या कप्प्यात साचून राहते, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या नेमक्या तिथेच पडतात.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शाडूची चाचणी केली. वाकस यांनी म्हटल्याप्रमाणे सर्वाधिक पाणी खुंट्याच्या बुडातून येते आणि उरलेले उजव्या बाजूच्या मोजक्याच सांध्यांतून. मधला डेक कोरडा आहे. मऊ फळ्यांपैकी एक टोकाशी हातभर कुजली आहे, बाकीच्यांत आरी फारशी शिरत नाही. फळ्यांची जाडी खुंट्याच्या भोकात मोजली, ती २८ मिलिमीटर भरली. सुताराचे मत कापूस-डांबराकडे झुकते आहे आणि मलाही ते पटते.

आता अडचण खिळ्यांची. काही ठिकाणी जस्त चढवलेले खिळे आहेत, ज्यांची टोके खालून वाकवून बहालात बसवली आहेत. मागच्या कुठल्यातरी दुरुस्तीत स्टीलचे स्क्रूही मारलेले दिसतात आणि त्यांतल्या दोघांची डोकी पेचकस लावताच तुटली. कुजलेली फळी काढायची तर हे सगळे निघायला हवे. त्यासाठी काय घ्यावे?

वाकस

वाकवलेला खिळा वरून उपटू नये. फळी फुटते आणि बहालातले भोक मोठे होते. खालून वाकवलेले टोक ग्राइंडरने अलगद घासून सपाट करावे, आणि मग बोथट टोकाच्या पोलादी ठोकणीने खिळा खालून वर ढकलावा. वर डोके अर्धा सेंटिमीटर उठले की जंबुऱ्याने धरून, खाली लाकडाचा तुकडा ठेवून काढावा. त्या तुकड्याशिवाय जंबुरा कधीही टेकवू नये. दुकानदाराच्या यादीतले ग्राइंडर या एका कामासाठी घ्यायला हरकत नाही, लहान चकतीचे. वर तीन_फेज यांनी लिहिलेले इथे पाळावे, आणि गरम ठिणगी कप्प्यातल्या जुन्या दोरखंडावर पडणार नाही हेही पाहावे.

टीसाइडकर

तुटलेल्या स्क्रूंसाठी एक युक्ती इकडे रूढ आहे. स्क्रूच्या जाडीपेक्षा किंचित मोठ्या आतल्या व्यासाची पोलादी नळी घ्यावी, तिच्या एका टोकाला कानशीने चार-पाच दात पाडावेत आणि ती ड्रिलमध्ये लावून उलट्या दिशेने फिरवावी. नळी स्क्रूभोवतीचे लाकूड गोल कापत जाते आणि बहुधा स्क्रूलाच पकडून उलटा फिरवून बाहेर आणते. उरलेले भोक सागाची गोल खुंटी इपॉक्सीत बसवून भरावे आणि नवा स्क्रू शेजारी मारावा. ज्यांची डोकी शाबूत आहेत त्यांच्या खाचेतला रंग आणि गंज जुन्या चाकूच्या टोकाने पूर्ण काढावा, खाचेत अचूक बसणारेच टोक वापरावे, आणि तरीही हलत नसेल तर झाळण्याच्या (सोल्डरिंगच्या) इस्त्रीचे तापलेले टोक डोक्यावर मिनिटभर टेकवावे. लोखंड तापून फुगते, थंड होताना आकसते आणि लाकडाशी बसलेली पकड सुटते.

नवे स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे (हा तांब्याचा मिश्रधातू; वरच्या सिलिकॉन भरणीशी त्याचा संबंध नाही) मिळाले तर तेच घ्यावेत. स्टेनलेस स्टील ओल्या लाकडाच्या आत, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे वरून चकचकीत दिसत असतानाच आतून खड्डे पडून कमजोर होते. तुमच्या तुटलेल्या डोक्यांमागेही कदाचित तेच असावे.

मुळातून

मध्येच विचारतो. फळी बदलताना नवीन तुकडा कुठे जोडावा? आणि डेक शेवटी घासून एकसारखा करायला सँडर लागणार नाही का?

वाकस

तुकड्याचा जोड नेहमी बहालावर यावा, दोन बहालांच्या मध्ये अधांतरी नको. गोल करवत असल्यास तिची खोली फळीच्या जाडीपेक्षा केसभर कमी ठेवावी, म्हणजे खालचा बहाल कापला जाणार नाही, आणि उरलेला कोपरा पटाशीने पूर्ण करावा. खाडीकाठ यांच्याकडे गोल करवत नाही आणि एका फळीसाठी ती घेऊही नये; बारीक दातांची हातकरवत आणि धारदार पटाशी यांनी हे काम तासाभरात होते. खुंट्याखालच्या लाकडात कुज बहालापर्यंत गेली आहे का, तेवढे मात्र फळी उचलल्यावर नीट पाहावे. बहाल कुजला असेल तर वरचे सारे काम त्याच्यानंतर.

सँडरबद्दल माझे मत कडक आहे. बेल्ट सँडर डेकवर नकोच. सागाच्या वर्षवलयांत मऊ आणि कडक भाग आलटून पालटून असतात; पट्टा मऊ भाग आधी खातो आणि डेकला लाटा येतात. शिवाय एकदा घासलेली जाडी परत येत नाही. हाताची पोलादी खरवडणी, म्हणजे कडेला बारीक वळण काढलेली पातळ पाटी, ही नव्या तुकड्याची उंची शेजारच्या फळीला मिळवायला पुरते. बाकी डेक जसा आहे तसा राहू द्यावा, गोड्या पाण्याने लाकडाच्या रेषांना आडवा ब्रश मारून धुवावा. धूळ उडेल अशा प्रत्येक कामात चांगला मास्क बांधावा. सागाच्या भुकटीने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते आणि दम्याचा त्रासही होतो.

रंधा_आणि_चहा

खरेदीबद्दल दोन ओळी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत हाताची हत्यारे हाताळून बघता येतात, त्यामुळे पटाशी ऑनलाइन मागवू नये. सागात वाळूसारखी सिलिका असते. ती धार फार लवकर खाते. म्हणून जितकी किंमत पटाशीला द्याल, त्याच्या निम्मी तरी निसण्याला द्यावी, एक भरड आणि एक बारीक. सागावर काम करताना सुताराने दर थोड्या वेळाने उठून धार लावली तर तो वेळ काढतो आहे असे समजू नये. विजेच्या यंत्राची पाती कार्बाइडच्या दातांची घ्यावीत, साधी पाती एका खिळ्यात संपतात. खाऱ्या हवेत हत्यारे रात्रभर उघडी ठेवू नयेत. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, यंत्राच्या तेलाचा हात फिरवून गुंडाळून ठेवावीत.

खाडीकाठ

या चर्चेवरून खरेदी अशी ठरवली आहे. लोहाराकडून दोन आकड्या, तीन छिन्या आणि ठोकणी. बाभळीच्या लाकडाची मोगरी सुतार स्वतः करणार आहे. विकत घ्यायचे ते लहान ग्राइंडर, माझ्या बॅटरीवर चालणारे मल्टिटूल कार्बाइडच्या पात्यांसह, एक रुंद पटाशी, दोन निसणे, जंबुरा, खरवडणी, गळती-रक्षक स्विच आणि मास्क. राउटर व सँडर रद्द केले. हे सर्व ठरवलेल्या रकमेच्या बरेच आत बसते, त्यामुळे उरलेले पैसे सुकलेल्या जुन्या सागाच्या फळीसाठी ठेवले आहेत. पाडलेल्या घराच्या वाशांचा साग चालेल का, आणि कापूस आत्ता भरावा की उन्हाळ्यात, एवढे दोन प्रश्न उरतात.

वाकस

जुन्या घराचा साग उत्तम, कारण तो पुरता मुरलेला असतो. मात्र त्यात मोडलेले खिळे राहिलेले असतात. रंधा लावण्याआधी चुंबक फिरवावे आणि पहिला हात जुन्या रंध्याने मारावा.

कापूस मे महिन्यात भरू नये. तेव्हा फळ्या वाळून सांधे सर्वांत रुंद झालेले असतात. त्या वेळी ठासून भरलेला कापूस पावसात फळ्या फुगल्या की डांबरासकट वर येतो, किंवा खिळ्यांवर ताण टाकतो. डिसेंबर-जानेवारीत, लाकूड पूर्ण ओले नाही आणि पूर्ण वाळलेलेही नाही अशा वेळी भरावा. छिनी पहिल्यांदा हलकी, दुसऱ्यांदा घट्ट मारावी. मोगरीचा आवाज भरीव झाला की थांबावे. त्यानंतरही ठोकत राहिलात तर कापूस खालून बाहेर पडेल.

खाडीकाठ

आभारी आहे. खुंटा उचलून बहाल पाहिला. वरची साधारण एक बोट जाडी काळी आहे, खाली लाकूड कडक लागते. फळी काढल्यावर तेवढा भाग तासून त्यावर सागाची चकती बसवू. आकड्या लोहाराकडे टाकल्या आहेत.

वाकस

चकती बसवण्याआधी काळ्या भागाच्या पलीकडे आणखी दोन बोटे लांबीपर्यंत आरी टोचून पाहावी. कुज लाकडाच्या रेषेने पुढे गेलेली असते, आणि आईनात ती वरून दिसत नाही.